डोळे पुढे, हात मागे!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

पाय नाहीत, तरी पळतो. पापण्या नाहीत, तरी झोपतो. जुना अंगरखा काढून टाकतो आणि नवा घालतो, तोही शिंप्याकडे न जाता. दूध पितो असं सगळा गाव म्हणतो, पण तो पीत नाही. सांगा पाहू कोण?

अगदी बरोबर! साप.

आता दुसरा प्रश्न. साप दिसला तेव्हा तुम्ही काय केलंत? हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारते. "ओरडलो", "पळालो" आणि "काकांनी काठीनं मारला" ही तीन उत्तरं ठरलेली. "बाई, मी लांब उभा राहिलो आणि नीट पाहिला," असं चौथं उत्तर देणारा क्वचितच भेटतो. आजची आपली भटकंती त्या चौथ्या उत्तरासाठी आहे.

आमच्या घरी महिन्यातून एक-दोन रविवार एक उद्योग असतो. सकाळी न्याहारी झाली की आम्ही पाचजण निघतो. मी, मुलांचे बाबा, सहावीतली ताई, तिसरीतला धाकटा आणि सगळ्यांच्या पुढे हातात काठी घेतलेले माझे सासरे, म्हणजे मुलांचे आबा. शेजारच्या काकू विचारतात, "कुठं निघाली वरात?" धाकटा ऐटीत सांगतो, "साप बघायला!" काकू कपाळाला हात लावतात. "अगं बाई, लोक सापापासून लांब पळतात आणि तुम्ही शोधायला निघालात?"

काकूंचं म्हणणं खोटं नाही. पण विचार करा, आपण नाही गेलो तरी साप आपल्याकडे येतोच की! आमचं माजलगाव सिंदफणा नदीवर आहे. इथलं मोठं मातीचं धरण १९८७ साली पुरं झालं. पैठणच्या जायकवाडी धरणातून उजव्या कालव्यानं गोदावरीचं पाणी इथल्या जलाशयात येतं. इथून पुन्हा कालवे आणि चाऱ्या शेतांत जातात. पुढे मंजरथला सिंदफणा स्वतःच गोदावरीला जाऊन मिळते. पाणी आलं तसा ऊस वाढला. उसात उंदीर आणि पाटात बेडूक आले. आता जिथं उंदीर आणि बेडूक, तिथं त्यांचा गिऱ्हाईक आलाच! मग ज्याच्या शेजारी राहायचं, त्याला तोंडओळखीनं तरी ओळखायला नको का?

निघण्यापूर्वी आमचे नियम ऐका. ताईनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

एक, घरातलं मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही. मित्रामित्रांनी मिळून तर मुळीच नाही.

दोन, पायांत बूट आणि अंगात घोट्यापर्यंत कपडे. अनवाणी येणारा घरी बसणार.

तीन, बिळात, कपारीत, कडब्याच्या गंजीत, पऱ्हाटीच्या ढिगात हात घालायचा नाही. दगड उलटायचा नाही. ते कुणाचं तरी घर असतं, आणि घरमालक विंचूही असू शकतो.

चार, साप दिसला की आहे तिथंच थांबायचं. मग हळूहळू मागं सरकायचं. दहा-बारा पावलांवरून जेवढं दिसेल तेवढंच पाहायचं. पकडायचा नाही, डिवचायचा नाही, दगड मारायचा नाही.

पाच, उन्हं उतरायच्या आत घरी.

आणि पाहताना दोन्ही हात पाठीमागे धरायचे. "डोळे पुढे, हात मागे!" ही आमच्या सहलीची घोषणा आहे. म्हणून बघा, एकदम सोपं वाटेल.

आता तुम्ही म्हणाल, साप सापडतो तरी कसा? खरं सांगू? दहांतल्या सात रविवारी तो सापडतच नाही! साप फार लाजाळू. त्याला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारी थरथर त्याला जाणवते. आपली पावलं वाजली की तो आपल्याआधीच निघून जातो. पण जाताना खुणा ठेवून जातो. गुप्तहेराच्या गोष्टी वाचता ना? मग या खुणा शोधा.

पहिली खूण म्हणजे माग. धुळीच्या पायवाटेवरून साप गेला की नागमोडी रेघ उमटते. दुसरी खूण पाखरांची. साळुंक्या आणि सातभाई एकाच झुडपाभोवती जमून कलकलाट करू लागले की समजावं, खाली काहीतरी आहे. मांजर असेल, मुंगूस असेल, नाहीतर आपले सापराव!

तिसरी खूण म्हणजे कात. परवाच्या रविवारी चारीच्या कडेला एका बोरीच्या बुंध्याशी आम्हांला हातभर कात मिळाली. पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. धाकट्यानं विचारलं, "आबा, साप कुठल्या बाजूला गेला असेल?" आबांनी काठीनं दाखवलं. साप तोंडाकडून कात सोलत पुढं सरकतो, आपण पायातला मोजा उलटा काढतो तशी. म्हणून कात उलटी निघते आणि तिचं शेपूट ज्या दिशेला, त्या दिशेला साप गेलेला असतो. आणखी एक गंमत पाहा. कातीच्या डोक्याकडच्या भागावर दोन गोल भिंगं दिसली. सापाच्या डोळ्यांवर पापणीऐवजी पारदर्शक खवलं असतं आणि कातीबरोबर तेही बदलतं. कात टाकायच्या आधी हे खवलं दुधी होतं आणि सापाला नीट दिसत नाही. अशा वेळी तो चिडका होतो. ताप आल्यावर तुम्ही होता तसाच!

थोडं पुढं कालव्यात पाण्याबाहेर बोटभर डोकं दिसलं. आमच्याकडे त्याला विरोळा म्हणतात, पुस्तकात दिवड. मासे आणि बेडूक हे त्याचं जेवण. पकडायला गेलं तर कडकडून चावतो, पण विषारी नाही. आम्ही पाचही जण हात मागे बांधून उभे. त्यानं बुडी मारली, पलीकडे निघाला, पुन्हा बुडी. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. आमच्या धाकट्याच्या बाबतीत पाच मिनिटं गप्प राहणं हा विक्रमच!

परतताना बांधावर आठ फुटी धामण ऊन खात पडलेली दिसली. लोक हिला नाग समजून मारतात. ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते असंही सांगतात. बालमित्रांनो, दूध चोखायला ओठ लागतात, आणि ते सापाला नाहीत. धामणीला हवे असतात उंदीर. आबा म्हणाले, "हिला मारायचं म्हणजे बिनपगारी राखणदार काढून टाकायचा आणि उंदरांना आवतण द्यायचं."

ज्या रविवारी साप दिसत नाही, त्या रविवारी काय? अहो, रान काय एकट्या सापाचं आहे? वारूळ पाहा. ते साप बांधत नाही, वाळवी बांधते. साप नुसता भाडेकरू, आणि भाडंही देत नाही. आकाशात एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला पक्षी दिसला तर तो सापमार गरुड असू शकतो. त्याचं मुख्य अन्नच साप! खंड्या पाण्यात सूर मारतो, टिटवी ओरडून आपल्याला तिच्या अंड्यांपासून लांब नेते. रिकाम्या हातानं घरी आलो असं आजवर एकदाही झालं नाही.

आता कामाचं बोलू. भारतात सापांच्या ३०० हून जास्त जाती आहेत. बहुतेक बिनविषारी. पण आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे. त्यांची नावं पाढ्यासारखी पाठ करा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

नाग फणा काढतो, त्याला तुम्ही ओळखताच. घोणस जाडजूड, तपकिरी, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपक्यांचे तीन पट्टे. डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. फुरसं वीतभर ते हातभर, माळरानावरच्या दगडांत राहणारं. वेटोळं करून अंगाला अंग घासतं आणि करकर आवाज येतो. मण्यार काळी-निळी चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे.

मण्यारीसारखाच दिसणारा एक बिनविषारी साप आहे, कवड्या. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पट्टे मानेपासून जरा मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण हा फरक चित्रात शिकायचा, प्रत्यक्ष वाकून तपासायचा नाही. शंका आली की प्रत्येक साप विषारी समजायचा आणि लांब राहायचं. ओळख शिकायची ती पकडण्यासाठी नाही, बरं का!

तुमच्यापैकी कुणी पुण्याच्या श्री. नीलिमकुमार खैरे यांचं नाव ऐकलं असेल. १९८० साली ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. एकही साप त्यांना चावला नाही. सापाला त्रास दिला नाही, तर तो आपणहून माणसावर धावून येत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढं कात्रजचं सर्पोद्यान त्यांनी उभं केलं. पुण्याला गेलात तर ते जरूर पाहा. आपल्या बीड जिल्ह्यातही शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला 'सर्पराज्ञी' हे केंद्र आहे. तिथं जखमी झालेल्या वन्य प्राण्यांवर उपचार करून त्यांना पुन्हा रानात सोडतात. पण एक ध्यानात ठेवा, खैरे यांच्यासारखं करून पाहायचं नाही. त्यांच्यामागं पुष्कळ अभ्यास होता. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं साप पकडणं आणि मारणं गुन्हा आहे.

आता मी हे सगळं आत्ताच, या दिवसांतच का सांगते आहे, ते ऐका.

दसरा-दिवाळी आली की आमच्या भागातून ऊसतोडणीच्या गाड्या निघतात. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. माझ्या वर्गातली बाकं एकेक करून रिकामी होतात. काही मुलं आजीजवळ थांबतात, काही आईबापांबरोबर जातात. तिथं उसाच्या फडाजवळ पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या असतात. अंथरूण जमिनीवर. पहाटे अंधारातच उठून कामाला लागायचं. आणि फडात उंदीर, उंदरांच्या मागे साप, हे आता तुम्हांला मी सांगायला नको.

यात सगळ्यात धोक्याची मण्यार. ती रात्री फिरते. उंदराच्या वासानं किंवा आडोशाला ती आत येते, झोपलेल्याचा हात तिच्यावर पडतो आणि ती चावते. तिचे दात बारीक. डास चावल्यासारखं वाटतं, कधी तेवढंही नाही. खूण दिसत नाही, सूज येत नाही. मग पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, घास किंवा थुंकी गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं असेल. ओवा देतात, पोट शेकतात, आणि मोलाचा वेळ निघून जातो. म्हणून हे वाक्य लाल पेन्सिलीनं वहीत लिहा: जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे अचानक पोट दुखू लागलं आणि डोळे मिटू लागले, तर मण्यारीचा संशय घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार! बहुतेक सगळी खेड्यातली, शेतात राबणारी. केंद्र सरकारनं २०२४ साली एक योजना आखली असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. सरकार औषध देईल, डॉक्टर उपचार करतील. पण रात्री कोपीत मच्छरदाणी कोण खोवणार? ते काम तुमचं.

दोन वर्षांपूर्वी चौथीतला एक मुलगा आईबापांबरोबर तोडणीला गेला. जाण्याआधी वर्गात आम्ही हेच सगळं बोललो होतो. पट्टा पडल्यावर, गुढीपाडव्याच्या सुमारास तो परत आला. मला म्हणाला, "बाई, मी रोज मच्छरदाणी वाकळेखाली खोवायचो. आई आधी चिडायची, मग तीच आठवण द्यायला लागली. एकदा पहाटे जाळीच्या बाहेरून काळं लांबडं गेलं." मी विचारलं, "मण्यार होती का रे?" तो म्हणाला, "काय माहीत! जवळ नाही गेलो." शाब्बास! मी त्याला दहापैकी दहा गुण दिले.

तर कोपीत असा, शेतात असा की घरात, एवढं पाळा. शक्यतो बाजेवर झोपा. बाज नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड अंथरुणाखाली सगळीकडून नीट खोवा. उशाशी भाकरी किंवा धान्य ठेवू नका, उंदीर येतात. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायांत काहीतरी हवंच. सरपण घराला चिकटून रचू नका. सकाळी बूट झटकून घाला.

आणि कुणाला साप चावलाच तर? घाबरून पळू देऊ नका. धीर द्या आणि आडवं निजवा. चावलेल्या हातातल्या बांगड्या, अंगठ्या, पायातली जोडवी काढा, कारण पुढं सूज येते. हात किंवा पाय हलू नये म्हणून फळी किंवा काठी लावून कापडानं सैलसर बांधा. करकचून दोरी आवळू नका, ब्लेडनं कापू नका, तोंडानं विष ओढू नका. सापाच्या मागं धावू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, नाहीतर मिळेल त्या वाहनानं सरकारी दवाखान्यात पोहोचा. घरात साप शिरला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

दवाखान्यात जी लस टोचतात ना, तिचीही एक गोष्ट आहे. या चारही सापांच्या विषाची अगदी थोडी मात्रा घोड्यांना देतात. घोड्यांच्या रक्तात विषाशी झुंजणारे घटक तयार होतात आणि त्यांपासून औषध बनतं. हे विष मिळवण्यात मोठा वाटा आहे तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींचा. पूर्वी ते कातड्यासाठी साप पकडत. त्यावर बंदी आली तेव्हा त्यांनी १९७८ साली स्वतःची सहकारी संस्था काढली. आता ते साप पकडतात, विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडून देतात. त्यांच्यातल्या मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शाळेची मोठी पुस्तकं न वाचताही माग बघून साप ओळखणारी ही माणसं! तुमच्या घरातही असे आबा, आजी, मामा असतील. त्यांना विचारा. त्यांच्या डोक्यातलं रान तुमच्या वहीत उतरवून घ्या.

आईबाबांनाही दोन शब्द. मुलं सापाला भ्यायली तर भिऊ द्या, भीती चांगली राखणदार असते. पण नुसतं भिणारं मूल अंधारात कुठंही पाय टाकतं. ओळख असलेलं मूल आधी बॅटरी शोधतं. महिन्यातला एखादा रविवार त्यांच्यासाठी काढा. पैसे लागत नाहीत, भाकरी, चटणी आणि पाण्याची बाटली पुरते. साप दिसलाच तर काठी शोधू नका. तुम्ही काय करता, तेच मुलं शिकणार आहेत.

आता गृहपाठ! एक वही करा. तारीख, जागा, वेळ, काय दिसलं आणि किती अंतरावरून, एवढंच लिहा. शेवटचा रकाना विसरू नका, कारण जास्त अंतराला जास्त गुण! आणि तुमच्या वर्गातला एखादा मित्र दिवाळीनंतर तोडणीला जाणार असेल, तर तो निघण्याआधी त्याला मण्यारीची गोष्ट सांगा. मच्छरदाणी कशी खोवायची तेही करून दाखवा. हे आजच करा, गाड्या भरायला फार दिवस उरलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आपण टिटवीच्या मागं जाऊ. ती अंडी उघड्यावर घालते, तरी ती आपल्याला दिसत का नाहीत? विचार करून ठेवा.

तुमची,
बाई